साक्षीदाराच्या चपला आणि वकिलाचा बूट

शहादा शहराला लागून, गोमाई नदीच्या काठी लोणखेडा हे गाव आहे. तिथल्या एखाद्या भिल्ल किंवा बौद्ध शेतमजुराच्या घरी कोर्टाचे समन्स आले की कागदाआधी भीती घरात शिरते. एका दिवसाची मजुरी बुडणार, एस.टी.च्या भाड्यासाठी उसनवारी करावी लागणार. आणि ज्याच्या विरुद्ध साक्ष द्यायची, त्याच्याच शेतावर परवा पुन्हा कामाला जावे लागणार! तरीही तो जातो. तारखेच्या दिवशी सकाळीच निघतो. कोर्टाच्या दालनापाशी पोहोचला की पायातल्या चपला काढून बाहेर ठेवतो. चपला काढ असे त्याला कोणी सांगितलेले नसते. असा कायदा नाही, नियम नाही. पण साहेबासमोर, मालकासमोर, पाटलाच्या ओट्यासमोर चपला काढायच्या ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या अंगात मुरवलेली आहे. न्यायमंदिर म्हणतात ना? मग मंदिराच्या दारात आपली जागा कोणती, हे त्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

हे चित्र डोळ्यासमोर ठेवा आणि 6 ऑक्टोबर 2025 चा दिवस आठवा. स्थळ देशाचे सर्वोच्च न्यायालय, दालन क्रमांक एक. पीठावर सरन्यायाधीश भूषण गवई. अमरावतीचे, दादासाहेब गवईंचे चिरंजीव, देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश. राकेश किशोर नावाच्या 71 वर्षांच्या वकिलाने पायातला बूट काढला आणि त्यांच्या दिशेने फेकण्याचा प्रयत्न केला. सुरक्षारक्षक त्याला बाहेर नेत असताना तो सनातनच्या अपमानाबद्दल घोषणा देत होता. निमित्त काय? खजुराहोच्या विष्णुमूर्तीच्या याचिकेवर सुनावणीत केलेला एक शेरा.

एकाने कोर्टाबाहेर चपला काढल्या, दुसऱ्याने कोर्टात बूट काढला. एकाने भीतीने काढल्या, दुसऱ्याने मस्तीने काढला. न्यायालयाचा मान, मर्यादा, शिष्टाचार हे शब्द या देशात कोणाला कसे लागू होतात, हे समजून घ्यायचे असेल तर या दोन पायांकडे पाहावे लागते.

बुटाचे पुढे काय झाले?

गवई साहेब शांत राहिले. अशा गोष्टींनी आपण विचलित होत नाही, तुम्हीही होऊ नका, असे वकिलांना सांगून त्यांनी कामकाज पुढे चालवले. त्यांचा हा संयम मोठा होता, यात शंका नाही. प्रश्न बाकीच्या यंत्रणेचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रशासनाने तक्रार दिली नाही, म्हणून दिल्ली पोलिसांनी चौकशी करून त्या वकिलाला सोडून दिले. बूटही परत दिला! बार कौन्सिलने त्याच दिवशी त्याची सनद निलंबित केली, पुढे वकील संघटनेने सदस्यत्व काढले. अॅटर्नी जनरल वेंकटरमणी यांनी अवमान खटल्याला संमती दिली. पण 27 ऑक्टोबरला न्या. सूर्य कांत आणि न्या. जॉयमाल्य बागची यांच्या पीठाने, अवमानाची कारवाई करण्याची आपली इच्छा नाही, असे सांगितले. खुद्द सरन्यायाधीशांनीच दुर्लक्ष केले आहे, आणि कारवाई केली तर त्या माणसाला फुकटचे महत्त्व मिळेल, हा विचार त्यामागे होता. त्या माणसाने मात्र प्रसारमाध्यमांसमोर येऊन, आपल्याला पश्चात्ताप नाही, हे ठणकावून सांगितले होते.

क्षमा ही बुद्धाची शिकवण आहे. तिच्याशी आमचे भांडण नाही. पण क्षमा ही व्यक्तीची असते, मर्यादा मात्र संस्थेची असते. गवई साहेबांनी व्यक्ती म्हणून क्षमा केली, म्हणून न्यायसंस्थेच्या मर्यादेचा प्रश्न संपतो काय? आणि हीच क्षमा सेशन्स कोर्टाच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या, आवाज चढलेल्या साक्षीदाराच्या वाट्याला येते काय?

याच सरन्यायाधीशांच्या बाबतीतली आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. 14 मे 2025 रोजी शपथ घेतल्यानंतर ते 18 मे रोजी मुंबईत सत्कारासाठी आले, तेव्हा राज्याचे मुख्य सचिव, पोलीस महासंचालक आणि मुंबईचे पोलीस आयुक्त त्यांच्या स्वागताला नव्हते. त्यांनी जाहीर कार्यक्रमात शांतपणे त्यावर बोट ठेवले, तेव्हा कुठे हे अधिकारी धावत चैत्यभूमीवर पोहोचले. त्यांनी तो विषय तिथेच संपवला. पण आम्ही त्यातून एक धडा घेतला पाहिजे. सर्वोच्च पदावर बसलेल्या माणसालाही आपला मान आठवण करून द्यावा लागतो. मग लोणखेड्याच्या मजुराची काय कथा?

'उद्धट साक्षीदार' कसा तयार होतो?

आता सेशन्स कोर्टात जाऊ. न्यायाधीशाचा हेतुपुरस्सर अपमान करणे किंवा कामकाजात व्यत्यय आणणे हा गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत तो कलम 228 मध्ये होता, आता भारतीय न्याय संहितेत कलम 267 मध्ये आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. शिवाय अवमान कोर्टाच्या डोळ्यांदेखत झाला असेल तर तिथल्या तिथे, त्याच दिवशी कोर्ट उठण्यापूर्वी दखल घेऊन दंड करण्याचा अधिकार न्यायाधीशाला आहे. म्हणजे खालच्या कोर्टात ज्याचा आवाज चढला, त्याची संध्याकाळ होण्याआधीच सोय होऊ शकते!

साक्षीदार मुद्दाम शिवीगाळ करत असेल, धमकी देत असेल तर कारवाई झालीच पाहिजे. त्याबद्दल दुमत नाही. पण आमच्या वस्तीतला साक्षीदार बहुतेक वेळा कशामुळे 'उद्धट' ठरतो, ते पाहा.

पहिली गोष्ट भाषेची. खानदेशच्या अहिराणीत, सातपुड्याच्या भिली-पावरी बोलींत एकेरी बोलणे सर्रास चालते. घरातल्या वडीलधाऱ्यालाही 'तू' म्हणतात आणि त्यात प्रेम असते. प्रमाण मराठीतले 'आपण', 'महोदय' हे शब्द या माणसांच्या घरात कधी बोललेच गेले नाहीत. असा माणूस पिंजऱ्यात उभा राहून न्यायाधीशाला 'तू' म्हणाला तर त्याने अपमान केला काय? त्याने फक्त आपल्या आईच्या भाषेत उत्तर दिले! पण ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते, शिपाई डोळे वटारतो आणि साक्षीदाराची जीभ टाळ्याला चिकटते. साक्षीदाराच्या हावभावांविषयी, वागण्याविषयी शेरा नोंदवण्याचा अधिकार न्यायाधीशाला आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 280 मध्ये होता, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 315 मध्ये आहे. घाबरून गप्प राहिला तर 'उत्तर टाळतो', आणि चिडून बोलला तर 'उद्धट आहे'. खटल्याचा निकाल कधी कधी अशा एका ओळीवर फिरतो!

दुसरी गोष्ट शपथेची. सिनेमात गीतेवर हात ठेवून शपथ घेतात म्हणून लोकांना तोच कायदा वाटतो. कायदा तसा नाही. 1969 च्या शपथ कायद्याच्या कलम 5 नुसार कोणत्याही साक्षीदाराला देवाच्या नावाने शपथ न घेता गांभीर्याने प्रतिज्ञा करता येते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बौद्धाने 'मी ईश्वराची शपथ घेणार नाही, प्रतिज्ञा करतो' असे म्हटले तर तो कोर्टाशी हुज्जत घालत नाही, कायद्याने दिलेला हक्क बजावतो. पण हे किती जणांना ठाऊक आहे? ठाऊक असले तरी भरल्या कोर्टात ते शांतपणे सांगण्याची हिंमत किती जणांत आहे?

तिसरी गोष्ट ताटकळण्याची. हा तर सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केलेला अपराध आहे! 2000 साली स्वर्णसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात न्या. वाधवा यांनी साक्षीदारांचे हाल सविस्तर लिहून ठेवले. साक्षीदार लांबून स्वतःच्या खर्चाने येतो, दिवसभर थांबतो, पुढची तारीख घेऊन परत जातो. त्याला बसायला जागा नसते, प्यायला पाणी नसते, भत्ता वेळेवर मिळत नाही, आणि उभा राहिला की उलटतपासणीत त्याची पिसे काढली जातात. न्यायालयाला मदत करायला आलेल्या माणसाची ही गत! चौथ्या तारखेला परत पाठवलेला माणूस पाचव्या तारखेला थोडा मोठ्याने बोलला, तर अवमान नेमका कोणी कोणाचा केला?

इथे बसायच्या जागेची एक गोष्ट सांगतो. 7 जून 2019 रोजी मालेगाव बॉम्बस्फोट खटल्यात तेव्हाच्या खासदार आणि आरोपी प्रज्ञासिंह ठाकूर मुंबईच्या विशेष न्यायालयात हजर झाल्या. न्यायाधीश उठून गेल्यावर त्यांनी खुर्ची खराब आहे, दालनात धूळ आहे अशी जाहीर तक्रार केली, आणि ती देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली. त्या खटल्यातले सर्व आरोपी जुलै 2025 मध्ये निर्दोष सुटले. आरोपीलाही बसायला धड जागा मिळाली पाहिजे, ही मागणी चूक नाही. आम्ही तर तिचे समर्थन करू! पण आरोपीच्या खुर्चीवरची धूळ ही देशाची बातमी होते, आणि दिवसभर व्हरांड्यात उकिडव्या बसलेल्या आदिवासी साक्षीदाराची बातमी कधी झाली?

अवमानाचे माप कोणाच्या हाती?

न्यायालयाच्या अवमानाचा इतिहास पाहिला तर माप सगळ्यांना सारखे नाही, हे कळते. न्यायाधीश वर्गीय पूर्वग्रहाने न्याय देतात, असे केरळचे मुख्यमंत्री ई.एम.एस. नंबुद्रिपाद म्हणाले. 1970 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषीच ठरवले, दंड तेवढा हजाराचा पन्नास रुपये केला. पुढे केंद्रीय मंत्री पी. शिवशंकर यांनी न्यायाधीश उच्चभ्रू वर्गातून येतात अशी त्याहून कडक टीका केली, आणि 1988 मध्ये तो अवमान नाही असे ठरले. निकालाचे स्वागत आहे. पण मधल्या अठरा वर्षांत बदलले काय? कायद्याचा मजकूर की बोलणाऱ्याचे पद?

आपल्या नंदुरबारशी तर या विषयाचा थेट संबंध आहे. सरदार सरोवराने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावे बाधित केली. 18 ऑक्टोबर 2000 च्या निकालाने धरणाचे काम पुढे नेण्याची वाट मोकळी केली. त्यानंतर न्यायालयाबाहेर झालेल्या निदर्शनांवरून अवमानाची तक्रार झाली. त्या तक्रारीत काही तथ्य निघाले नाही. परंतु त्या नोटिशीला उत्तर म्हणून अरुंधती रॉय यांनी जे प्रतिज्ञापत्र दिले, त्याच्या भाषेवरून मार्च 2002 मध्ये त्यांना एक दिवसाची कैद आणि दोन हजार रुपये दंड झाला. ज्यांची घरे-शेते पाण्याखाली गेली त्या पाड्यांवरच्या माणसांचा अवमान कोणत्या कलमात बसतो, हे मात्र अजून कोणी सांगितलेले नाही.

आणि न्या. कर्णन? कोलकाता उच्च न्यायालयाचे हे दलित न्यायाधीश. मे 2017 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने त्यांना अवमानासाठी सहा महिन्यांची कैद ठोठावली, आणि ती त्यांनी भोगली. पदावर असताना अवमानाची कैद झालेले ते देशातले पहिले उच्च न्यायालयीन न्यायाधीश. त्यांचे सगळे वागणे बरोबर होते, असे आम्ही म्हणणार नाही. सरन्यायाधीशांनाच शिक्षा सुनावणारे आदेश काढणे हा कायद्याचा मार्ग नव्हता. पण आदेशांच्या कागदासाठी सहा महिने, आणि पायातल्या बुटासाठी काहीच नाही, हा हिशेब कोणत्या गणितात बसतो?

न्यायाधीशच अपमान करतो तेव्हा

मर्यादा एकाच बाजूने पाळायची नसते. देसाईगंजची एक गरीब आदिवासी मुलगी. ज्या खटल्याला देश मथुरा खटला म्हणून ओळखतो, तो तिचा. मार्च 1972 मध्ये पोलीस ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला. 1974 मध्ये चंद्रपूरच्या सेशन्स कोर्टाने पोलिसांना सोडले आणि तिलाच धादांत खोटारडी ठरवले. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, ती 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती! घाबरलेल्या आदिवासी मुलीचे गप्प बसणे न्यायालयाला समजलेच नाही.

मग 1979 मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. यातल्या धागमवार बाईंनी आपल्याच अक्कलकुवा भागातल्या आदिवासींमध्ये काम केलेले होते. आदिवासी माणूस साहेबापुढे का बोलत नाही, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्या पत्राने देश हलला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अत्याचारात स्त्रीने 'संमती नव्हती' असे सांगितले तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद आली. न्यायाधीशांवर कठोर टीका केली म्हणून न्यायसंस्था बुडाली नाही, उलट सुधारली!

आणि हे किती जणांना माहीत आहे? 1971 च्या अवमान कायद्याच्या कलम 16 प्रमाणे न्यायाधीश आणि दंडाधिकारी हेसुद्धा स्वतःच्याच न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल दोषी ठरू शकतात. म्हणजे न्यायालय म्हणजे खुर्चीवरचा माणूस नव्हे. न्यायालय म्हणजे ती खुर्ची, तो पिंजरा आणि त्यात उभा असलेला साक्षीदार, हे सगळे मिळून न्यायालय.

हा मानापमानाचा खेळ नाही

कोणी म्हणेल, एवढ्याशा मानापमानाचे काय घेऊन बसलात? बसावे लागते. कारण साक्षीदाराचा अपमान झाला की खटला पडतो. नगर जिल्ह्यातल्या खर्डा येथे एप्रिल 2014 मध्ये आपला एक शाळकरी मुलगा मारला गेला. नोव्हेंबर 2017 मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. का? एकामागून एक साक्षीदार फितूर झाले! गावची दहशत बाहेर होतीच. पण बाहेर दहशत आणि आत तुच्छता असेल, तर गरीब माणसाने उभे राहायचे कोणाच्या बळावर? ज्याला पिंजऱ्यात सन्मान मिळतो तोच गावात जाऊन ताठ मानेने जगू शकतो. ज्याला तिथे झिडकारले जाते, तो पुढच्या वेळी 'मी काही पाहिले नाही' असे सांगून मोकळा होतो. आणि त्याचे पाहून सारी वस्ती गप्प बसायला शिकते.

शहाद्याला गप्प बसण्याचा आणि बोलू लागण्याचा, दोन्हींचा अनुभव आहे. 1970 च्या आसपास याच तालुक्यात सालदार आदिवासी मालकापुढे तोंड उघडत नव्हता. अंबरसिंग महाराजांनी आणि पुढे श्रमिक संघटनेने त्याला बोलायला शिकवले. तो बोलू लागला तेव्हा मालकांना तो 'माजलेला', 'उद्धट' वाटला. हा शब्द आम्ही ओळखतो! खाली मान घालणारा मान वर करतो, तेव्हा वरच्याला तो नेहमी उद्धटच दिसतो.

मग आपण काय करायचे?

कार्यकर्त्यांनो, राग समजण्यासारखा आहे. पण रागाने खटला जिंकता येत नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी, आता घटनात्मक मार्ग खुले आहेत तेव्हा दुसरे मार्ग सोडा, असे बजावले होते. साऊथबरो कमिटीपुढे जानेवारी 1919 मध्ये त्यांनी साक्ष दिली, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. त्यांनी आवाज चढवला नाही. आकडे मांडले, युक्तिवाद केला, आणि अस्पृश्यांच्या स्वतंत्र प्रतिनिधित्वाचा प्रश्न साम्राज्याच्या दप्तरात नोंदवून ठेवला. साक्ष कशी द्यावी याचा तो वस्तुपाठ आहे. आपल्या साक्षीदाराने न्यायाधीशाशी भांडण केले की सर्वात जास्त आनंद आरोपीच्या वकिलाला होतो, हे लक्षात ठेवा. तो चिडवतोच त्यासाठी!

म्हणून आपल्या माणसाला हक्क शिकवा. अॅट्रॉसिटी कायद्यात 2016 पासून कलम 15अ लागू आहे. पीडिताला न्यायाने, आदराने आणि प्रतिष्ठेने वागवले पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च आणि निर्वाहखर्च देणे ही राज्याची जबाबदारी आहे. सामाजिक कार्यकर्त्याची, संस्थेची, वकिलाची मदत घेणे हा पीडिताचा हक्क आहे. उलटतपासणीत अश्लील किंवा निव्वळ अपमान करणारे प्रश्न आले तर त्यांना आवर घालण्याची तरतूद साक्ष कायद्यात आहे, आता ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 154 आणि 155 मध्ये आहे. सरकारी वकिलाला त्याची आठवण करून द्या. साक्षीदाराची भाषा वेगळी असेल तर दुभाषा मागा. साक्ष लिहून झाल्यावर ती वाचून दाखवलीच पाहिजे. चूक लिहिले असेल तर हात वर करून, शांतपणे, 'साहेब, मी असे म्हणालो नव्हतो' असे सांगा. हा उद्धटपणा नाही, हा कायदा आहे. 'माय लॉर्ड'चीही गरज नाही. 2014 मध्ये न्या. दत्तू आणि न्या. बोबडे यांच्या पीठानेच ते सक्तीचे नाही असे सांगितले आहे. 'साहेब' पुरे.

आणि सर्वात महत्त्वाचे, साक्षीदाराला एकटे पाठवू नका. जयंतीच्या मिरवणुकीला हजार माणसे निघतात. तारखेच्या दिवशी पाच माणसे कोर्टाच्या बाकावर शांत बसून राहिली, तर पिंजऱ्यातल्या माणसाचा आवाज बदलतो. घोषणा नको, गर्दी नको. फक्त आपली माणसे दिसली पाहिजेत.

न्यायाधीशांनाही आमचे सांगणे आहे. ज्या खुर्चीवर आपण बसता तिचा मान आम्हाला आहे, कारण ती खुर्ची बाबासाहेबांच्या संविधानाची आहे. बुटाला क्षमा करण्याइतके मोठे मन सर्वोच्च न्यायालयाने दाखवले. त्यातले थोडेसे मन 'तू' म्हणणाऱ्या पावरा बाईसाठी, पाचव्यांदा आलेल्या महार-मांग-भिल्ल साक्षीदारासाठीही असू द्या. बसायला बाक द्या, प्यायला पाणी द्या, आणि आलेल्या दिवशी साक्ष घ्या. न्यायालयाची प्रतिष्ठा त्याने जेवढी वाढेल तेवढी अवमानाच्या शंभर नोटिशींनी वाढणार नाही.

आणि लोणखेड्याच्या माझ्या बंधू-भगिनींनो, पुढची तारीख येईल तेव्हा पुकारा झाला की उठा. ईश्वराची शपथ नको असेल तर प्रतिज्ञा करा. खरे तेच सांगा, हळू सांगा, पण पूर्ण सांगा. आणि एक करा. चपला दाराबाहेर काढू नका. त्या घालूनच आत जा. ते देऊळ नाही, ते तुमचे न्यायालय आहे.

जय भीम!